देव भावाचा भुकेला, मग सराव कशासाठी?

आपल्या सत्संगात एक वाक्य वारंवार कानावर पडते: देव भावाचा भुकेला असतो. सूर चुकला, शब्द विसरला, आरतीत कोणी मागेपुढे झाले की कोणीतरी हे वाक्य म्हणते आणि चुकणाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरते. वाक्य खरे आहे आणि मी ते लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण गेल्या वर्षी याच वाक्याचा मी चुकीचा उपयोग केला आणि त्यामुळे एका वृद्ध साधिकेचे गाणे थांबले. तेव्हापासून मनात घोळत असलेला प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो आहे. भाव शुद्ध असेल, तर कौशल्याची गरज उरते का? आणि नवशिक्याने आपल्या अपुऱ्या कौशल्यासह सेवेत कुठे बसावे?

मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेखांचे मराठी भाषांतर करण्याची सेवा तीन वर्षांपासून करतो. आमच्या गावी दर गुरुवारी भजन असते. तेथे मृदंग वाजवणारे दादा नोकरीनिमित्त परगावी गेले आणि मृदंग खोळीत पडून राहिला. मला फार वाईट वाटले. मी मोबाइलवर चित्रफिती पाहून दोन आठवड्यांत भजनी ठेक्यासारखे काहीतरी बसवले आणि तिसऱ्या गुरुवारी "मी वाजवतो" म्हणून पुढे झालो. सगळ्यांना आनंद झाला. एका तरुण मुलाने पुढाकार घेतला, याचे कौतुकही झाले.

आमच्याकडे एक आजी अभंग म्हणत असत. त्यांची लय संथ होती. ओळ संपली की त्या श्वास घेण्याइतकी जागा ठेवत आणि मगच पुढची ओळ उचलत. त्या जागेत माझा हात थांबत नसे. ठेका हळूहळू पुढे धावू लागे, आजी त्याच्यामागे ओढल्या जात, ओळींची टोके गिळली जात. एके गुरुवारी त्या अभंगाच्या मध्येच थांबल्या. मी ओशाळलो. त्याच हसून म्हणाल्या, "असू दे बाळा, देव भावाचा भुकेला असतो." मला बरे वाटले. इतके बरे वाटले की त्यानंतर मी सराव करायचाही सोडून दिला. माझा भाव चांगला आहे, मी सेवा करतो आहे, मग आणखी काय हवे?

दोन महिन्यांनी आजींनी सांगितले की आता अभंग दुसऱ्या कोणी म्हणावेत. "वय झाले. दम पुरत नाही." सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मीही केली. त्या वेळी मनाच्या एका कोपऱ्यात मला खरे कारण माहीत होते की नाही, हे आज प्रामाणिकपणे सांगणे कठीण आहे. थोडेसे माहीत होते, असेच म्हणावे लागेल.

डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यावर मी तमिळनाडूतील पापनाशमला अकरा दिवसांसाठी गेलो. या नावाचे दुसरे गाव तिरुनेलवेलीकडे आहे. मी गेलो ते तंजावर जिल्ह्यातले, तंजावर ते कुंभकोणम या रस्त्यावरचे, कावेरीच्या भातशेतीच्या प्रदेशातले. आमच्याच भाषांतर सेवेत तमिळचे काम करणारे एक ज्येष्ठ काका तेथे राहतात. ते तंजावरी मराठी आहेत. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावरला मराठी राज्य स्थापले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात तेथे गेलेल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी आजही मराठी बोलतात. ती आपल्यापेक्षा वेगळी असते, जुनी असते, मध्येच तमिळ शब्द येतात, पण आपली वाटते. मराठी कीर्तन त्या भूमीत गेले आणि तेथील हरिकथेवर त्याचा खोल ठसा उमटला. तमिळ भजन संप्रदायात आजही आपल्या संतांचे अभंग म्हटले जातात आणि त्यांच्या साथीला दक्षिणेचा मृदंगम असतो. एकोणिसाव्या शतकात तंजावरात नारायणस्वामी अप्पा या मराठी मृदंगवादकांचे नाव आदराने घेतले जाई. मृदंग आपल्या वारीचा आणि मृदंगम त्यांच्या कचेरीचा, अशी भिंत मी मनात घातली होती. काकांच्या ओसरीवर ती पहिल्याच दिवशी पडली.

काका मृदंगम शिकवतात. मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले की मीही भजनात वाजवतो. त्यांनी वाजवून दाखव, असे म्हटले नाही. "मांडी घालून बस आणि ताल धर," एवढेच म्हणाले.

दोन दिवस मला वाद्याला हात लावू दिला नाही. आदितालाच्या आठ मात्रा हातावर मोजायच्या: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, त्यानंतर टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. हाताने हे चालू ठेवायचे आणि तोंडाने चार अक्षरे म्हणायची: ता, धी, तोम्, नम्. मृदंगमच्या विद्यार्थ्याचे हे श्रीगणेशा आहे. पहिल्या गतीत प्रत्येक मात्रेला एक अक्षर, म्हणजे एका आवर्तनात ही चौकडी दोनदा येते. दुसऱ्या गतीत ती चारदा येते आणि तिसऱ्या गतीत आठदा. ताल तोच राहतो, हातही तेवढाच हलतो, फक्त आतली अक्षरे दाट होतात.

तिसऱ्या दिवशी वाद्य समोर आले. डाव्या तोंडाच्या मधोमध रव्याची ओली लगदी लावायची, म्हणजे खर्ज भरीव येतो. वाजवून झाल्यावर ती खरवडून काढायची. आपल्याकडे पखवाजाला कणीक लावतात तसेच हे आहे. रोज लावायची आणि रोज काढायची. काल लावलेली आज चालत नाही.

मला वाटले होते की वेगाने वाजवणे अवघड असेल. उलट झाले. तिसरी गती मी दोन दिवसांत कशीबशी पकडली, पण पहिली गती काही केल्या स्थिर राहीना. दोन अक्षरांच्या मधली रिकामी जागा मला सहन होत नसे. त्या जागेत काही घडत नाही, कोणी ऐकत असेल तर त्याला वाटेल की हा विसरला. म्हणून हात पुढचे अक्षर लवकर टाकून मोकळा होई. काका मात्र पहिल्या गतीतच ठेवत. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, तीच चार अक्षरे.

सहाव्या दिवशी ते माझ्याबरोबर गाऊ लागले. सोपे नामस्मरण होते. एका ओळीच्या शेवटी ते मुद्दाम थांबले आणि सावकाश श्वास घेतला. माझा हात पुढे निघून गेला होता. त्यांनी गाणे थांबवले. रागावले नाहीत. म्हणाले, "तुझा हात चुकत नाही. तू माझे ऐकत नाहीस."

मला त्या क्षणी आमच्या आजी आठवल्या. त्यांचा दम कमी पडला नव्हता. मी त्यांना श्वास घेऊ दिला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. विचार करता करता प्राथमिक सरावाचा एक अर्थ लक्षात आला. जोपर्यंत बोट कुठे पडते, आवाज बंद की उघडा, पुढचे अक्षर कोणते, याकडे माझे लक्ष गुंतलेले आहे, तोपर्यंत समोरच्या गाणाऱ्यासाठी माझ्याकडे लक्ष शिल्लकच नाही. माणसाचे अवधान मर्यादित असते. तीच चार अक्षरे हजारो वेळा म्हणायची ती हात आपोआप चालावा म्हणून, आणि हात आपोआप चालावा तो कान मोकळा व्हावा म्हणून. मोकळा झालेला कान दुसऱ्याला देता येतो. मी म्हणत होतो की माझा भाव शुद्ध आहे. पण ज्याला दुसऱ्याचा श्वास ऐकू येत नाही, त्याचा भाव दुसऱ्यापर्यंत पोहोचणार तरी कसा?

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ व्हावा, खंड न पडता व्हावा आणि आदराने व्हावा. पहिल्या दोन गोष्टी मला पूर्वीही समजत होत्या. तिसरी आता थोडी समजते. आदर म्हणजे वाद्याला नमस्कार करून बसणे, हा झाला आरंभ. पुढे ज्याच्यासाठी आपण तयारी करतो, त्या माणसाच्या श्वासाचाही आदर त्यात येतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही योगाचे नाते कर्मातल्या कुशलतेशी जोडले आहे. भाव एका बाजूला आणि कौशल्य दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आपण आपल्या सोयीसाठी केलेली दिसते.

पापनाशममध्ये रामलिंगस्वामींचे मंदिर आहे. तेथे १०८ शिवलिंगे आहेत. स्थलपुराण असे सांगते की लंकेहून परतताना श्रीरामांना खर-दूषण यांच्या वधाचा दोष अजून आपल्या मागे येतो आहे असे जाणवले. त्याच्या निरसनासाठी त्यांनी येथे लिंगे स्थापली. १०७ येथेच घडवली आणि एक हनुमंताने काशीहून आणले. गावाचे नावही पापाच्या नाशावरूनच आहे. काकांबरोबर मी त्या रांगांमधून फिरलो. एकाच आकाराची लिंगे, एकापुढे एक. मोजता मोजता मला वाटले, हीसुद्धा एक आवर्तनेच आहेत.

मला कथेतली एक गोष्ट विशेष भिडली. रामांचा हेतू शुद्ध होता. ऋषींचे रक्षण करण्यासाठी ते लढले होते. "माझा हेतू चांगला होता, तेव्हा मला कसला दोष?" असे ते म्हणू शकले असते, आणि कोणी त्यांच्याशी वाद घातला नसता. तरीही आपल्या हातून जे घडले त्याचा भार त्यांनी स्वतःकडे घेतला. एक लिंग स्थापून ते मोकळे झाले नाहीत, १०८ स्थापली. चांगल्या हेतूमुळे परिणामांची जबाबदारी संपत नाही, हे ज्या गावात कथारूपाने उभे आहे, त्याच गावात मी माझ्या चांगल्या भावाच्या मागे लपून बसलो होतो.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला दुसरे उदाहरणही सुचले. तेरीज जुळली नाही, तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. ते खाते यासाठी असते की चूक शोधण्याइतका वेळ मिळावा. चूक सापडली की ते बंद करायचे असते. मी मात्र प्रत्येक फरक 'भाव' नावाच्या सस्पेन्स खात्यात टाकत होतो आणि चूक शोधतच नव्हतो. भाषांतरातही हेच केले आहे. एकदा घाईत एका वाक्यातला 'नाही' माझ्याकडून सुटला आणि अर्थ उलटा झाला. एका वाचकाने कळवले म्हणून दुरुस्त झाला. माझा भाव तेव्हाही चांगलाच होता. पण ज्यांनी दुरुस्तीपूर्वी ते वाक्य वाचले, त्यांना मी उलटेच सांगितले होते.

काकांनी मला मृदंगम कसा घडतो तेही समजावले. खोड फणसाच्या लाकडाचे. तोंडांवर जनावरांची कातडी. उजव्या तोंडावरचा काळा गोल पातळ थरांनी भरत नेतात आणि प्रत्येक थर दगडाने घासून बसवतात. एखादा थर घाईने बसवला तर नाद बिघडतो. हे काम करणाऱ्या कारागिरांविषयी टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक २०२० मध्ये लिहिले. तंजावरच्या ज्या कारागीर घराण्यावरून त्याचे नाव पडले, त्यातील परलांदू यांनी पालघाट मणी अय्यर यांच्यासारख्या थोर वादकासाठी वाद्ये घडवली. कातड्याच्या कामामुळे अशा कारागिरांना समाजाने दूर ठेवले. वादकाच्या रियाजाला आपण साधना म्हणतो, पण त्यांच्या कष्टांना तसे म्हणणारे फार थोडे झाले. भाव चांगला होता म्हणून चालवून घ्या, असे म्हणण्याची सवलत त्या कारागिराला कधीच नव्हती. त्याने बसवलेल्या थरांवर मी माझा न बसवलेला हात ठेवत होतो.

येथे काही साधक म्हणतील, आणि ते म्हणणे रास्त आहे, की अशा कठोर विचाराने नवशिका घाबरून जाईल. पूर्ण तयार झाल्यावरच यायचे ठरवले तर कोणी येणारच नाही. ज्यांचे हात वयाने थरथरतात, ज्यांना सुराची जाण नाही, ज्यांना शिकायला कधी संधीच मिळाली नाही, त्यांनी काय करावे?

मला असे वाटते की ते वाक्य मुळात त्यांच्यासाठीच आहे. ज्याला आपल्या शक्तीने याहून अधिक करता येत नाही, त्याचे थोडेसुद्धा देवापर्यंत पूर्ण पोहोचते. ज्याला अधिक करता येते पण जो करत नाही, त्याने त्या वाक्याचा आधार घेणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उचलणे आहे. आणखी एक भेद आहे. आजींनी ते वाक्य मला म्हटले तेव्हा त्यात क्षमा होती. तेच वाक्य मी स्वतःला म्हटले तेव्हा त्याची सबब झाली. हे वाक्य दुसऱ्याला द्यावे आणि दुसऱ्याने दिले तर हात जोडून घ्यावे. स्वतःहून घेऊ नये.

नवशिक्याला जागा कुठे, याचे उत्तर आपल्या परंपरेने फार पूर्वीच दिले आहे. वारीत नव्या माणसाच्या हाती टाळ येतो. तो शेकडो टाळकऱ्यांमध्ये उभा राहतो. चुकला तर इतरांचा ताल त्याला सांभाळून घेतो आणि त्याच्या चुकीने कोणाचा अभंग मोडत नाही. मृदंगाची गोष्ट वेगळी असते, कारण सगळे त्याच्यावर टेकलेले असतात. दक्षिणेतही असेच पाहिले. थोर रचनाकार पापनाशम शिवन यांचा जन्म १८९० चा. तरुणपणी ते या गावी राहिले. अंगभर भस्म लावून भजन करत फिरणाऱ्या त्यांना लोक शिवन म्हणू लागले. पुढे चेन्नईच्या मैलापूरमध्ये मार्गळी महिन्यात ते मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून भजन करत जात आणि सामान्य माणसे त्यांच्यामागे गात चालत. मी पापनाशमला होतो तेव्हा मार्गळीच सुरू होता. पहाटेच्या एका छोट्या भजनात काकांनी मला बरोबर नेले. मला मृदंगम दिला नाही, टाळ्या वाजवायला सांगितले. फक्त टाळ्या, संथ लयीत. पुढे चालणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचा श्वास मला त्या दिवशी ऐकू आला. ओळ संपली की त्यांचे खांदे किंचित वर जात. मी थांबलो. ते पुढच्या ओळीवर आले आणि टाळीही आली. एवढेच घडले, पण इतक्या महिन्यांत भजनात मी पहिल्यांदाच कोणाला तरी साथ केली होती.

जानेवारीत घरी आल्यावर मी आजींकडे गेलो. जाण्याआधी चार दिवस टाळाटाळ केली, हेही सांगतो. त्यांना म्हणालो, "आजी, तुमचा दम कमी पडला नव्हता. माझा ठेका धावत होता. मला तेव्हा सांगता आले असते, पण सांगितले नाही." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि मी मात्र इतके दिवस माझ्याच छातीला दोष देत बसले." त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

आता त्या काही गुरुवारी पुन्हा अभंग म्हणतात. प्रत्येक वेळी नाही. मध्ये जे महिने गेले त्यात सवय सुटली आणि आवाजही थोडा बसला. तो माझ्या पश्चात्तापाने परत येणार नाही. मृदंग वाजवायला शेजारच्या गावचे एक गुरुजी येतात. मी टाळ धरतो. सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी अर्धा तास पहिल्या गतीत ता, धी, तोम्, नम् चालू असते. घरातल्यांना त्याचा कंटाळा आला आहे. वाद्य मिळेपर्यंत मी ते मांडीवरच वाजवतो.

साधक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या सेवेत नवशिका असतो. कोणी स्वयंपाकघरात, कोणी बालसंस्कार वर्गात, कोणी हिशेबात, कोणी माझ्यासारखे भाषांतरात. आपल्या सेवेवर कोण टेकले आहे, हे एकदा शांतपणे पाहावे. आपल्या कच्च्या हातामुळे त्याचा श्वास कुठे अडतो आहे का, हे त्यालाच विचारावे. अडत असेल तर काही दिवस टाळ धरण्यात कमीपणा नाही. आणि त्या दिवसांत सर्वांत प्राथमिक धडा, कोणी ऐकत नसताना, पुन्हा पहिल्यापासून गिरवावा.

पुढच्या गुरुवारी आजी म्हणणार आहेत. ओळीच्या शेवटी त्या थांबतील. मला त्या वेळी टाळ थोपवून धरायचा आहे.